उभ्या रेषेचा चढ, माझा ओळंबा अन् लातूरचा एक दहावीचा गणिताचा क्लास

रिव्ह्यू लांब होणारय, आधीच सांगतो. ज्यांना फक्त फी अन् टायमिंग बघायचंय त्यांनी खाली शेवटाकडं जावं, पण ज्यांचं लेकरू दहावीला आहे अन् गणितात "का" विचारायलंय त्यांनी सगळं वाचावं, कारण मला जे सांगायचंय ते एका प्रश्नाभोवतीच आहे.

मी बांधकामाची कामं घेतो, लातूर अन् औसा तालुक्यात. घरं, कंपाउंड, बाथरूमचं रिपेअरिंग, जे येईल ते. आमच्या वडिलांनी १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडं घरं बांधायची कामं निघाली तेव्हा हे काम धरलं, अन् माझ्याकडं ते त्यांच्याकडून आलं. पोरगी यंदा दहावीला, मराठी मिडीयम, स्टेट बोर्ड. हुशार आहे पण तिला एखादी गोष्ट पटल्याशिवाय पुढं जाता येत नाही, अन् आजकालच्या क्लासमधी अशा लेकराचे हाल होतात बघा.

आधीच्या क्लासचं सांगतो, नाव घेत नाही. नववीची परीक्षा झाल्या झाल्या सुट्टीतच दहावीचा पोर्शन सुरू करणारा मोठा क्लास, एका हॉलमधी ऐंशी-नव्वद लेकरं, सर माईकवर, फी चार हप्त्यांत. शिकवणारे हुशार असतील, त्याबद्दल मी बोलत नाही. पण भूमितीत पाचवा धडा निर्देशक भूमिती, त्यात रेषेचा चढ आला. दोन बिंदू दिले की वायमधला फरक वर लिहायचा, एक्समधला फरक खाली लिहायचा, भाग दिला की चढ. पोरीनं हात वर केला अन् विचारलं की सर, आडव्या रेषेचा चढ शून्य येतो, मग उभ्या रेषेचा चढ "ठरवता येत नाही" असं का लिहायचं, रेष तर समोर दिसायलीय. उत्तर आलं की छेदात शून्य येतं, शून्यानं भागत नसतात, एक मार्काला येतंय, पाठ करा, पुढं चला. मागची पोरं हसली. त्या दिवसापासून तिनं तिथं हात वर केला नाही.

घरी येऊन मला विचारलं. पप्पा, भिंत सरळ उभी असते ना, मग तिचा चढ का काढता येत नाही? मी एवढ्या भिंती उभ्या केल्या, पण उत्तर देता आलं नाही. मनाला लागलं ते.

मग ज्यांच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करत होतो त्या काकूंनी सांगितलं की त्यांच्या भावकीत एक सर आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, घरीच शिकवतात, बोर्ड नाही, पाटी नाही, जाहिरात नाही. सरांनी मला नाव अन् पत्ता नेटवर टाकू नका असं सांगितलंय म्हणून टाकत नाही, औसा रोडच्या बाजूला आहे एवढंच. वरच्या मजल्यावर एक खोली, खाली सतरंजी, एक काळा फळा, त्या फळ्याच्या अर्ध्या भागावर ऑइलपेंटनं चौकटी आखून कायमचा ग्राफ पेपर केलेला. एका बॅचला अठरा लेकरं, त्याच्यावर घेत नाहीत म्हणजे नाहीतच.

आता ती संध्याकाळ सांगतो.

ऑगस्टमधली गोष्ट, पाऊस झाला होता म्हणून पोरीला न्यायला गाडी घेऊन गेलो. क्लास सुटायला वेळ होता, दारात उभा राहिलो. आत निर्देशक भूमितीच चालू होती, अन् माझ्याच पोरीनं तोच प्रश्न परत विचारलेला. तिनं परत हात वर केला हे बघूनच मला बरं वाटलं. सर फळ्याकडं वळलेच नाहीत. माझ्याकडं बघून म्हणले, "मिस्त्री, डिक्कीत ओळंबा आहे का?" मी म्हणलं, "आहे की सर, त्याच्याबिगर कामावर कसं जाणार." ओळंबा म्हणजे दोरीला लटकवलेलं वजन, भिंत सरळ उभी आहे का ते त्यानं बघतात. खाली जाऊन आणला. पितळी ओळंबा, वडिलांचा, दोरी फक्त नवीन. सरांनी तो फळ्याच्या वरच्या खिळ्याला अडकवला. थोडा वेळ हलत राहिला, मग हळूहळू थांबला अन् दोरी त्या चौकटीवर बरोबर तीनच्या रेषेवर आली. अठरा लेकरं एकदम गप्प.

मग सर मलाच म्हणले, "तुम्ही बाथरूमच्या फरशीला ढाळ किती देता?" मी म्हणलं, फुटाला दोन सूत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सूत म्हणजे पाव इंच. म्हणजे आडवं एक फूट गेलं की पाव इंच खाली, तेव्हा पाणी जाळीकडं जातं. सर लेकरांना म्हणले, ऐका, मिस्त्रींनी काय सांगितलं, *फुटाला* दोन सूत. आधी आडवं माप सांगितलं, मग त्याच्यावर किती वर-खाली ते. हाच चढ. पुस्तकात चढ म्हणतात, साइटवर ढाळ म्हणतात. आडवं एक पाऊल टाकलं तर किती वर गेलो, एवढाच चढाचा प्रश्न आहे, दुसरा काही नाही.

पाव इंच भागिले बारा इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसावा भाग. एका पोरानं लगेच केलं, ०.०२ येतंय म्हणला. मग रॅम्प. दवाखान्याच्या रॅम्पला एकास बारा ठेवतात, एक फूट चढायचं असलं तर बारा फूट लांबी, तो चढ ०.०८ च्या आसपास. मग जिना, पायरीची उंची सहा इंच अन् पाय ठेवायची रुंदी दहा इंच, चढ ०.६. मग शिडी, दहा फूट वर टेकवली अन् खालचा पाय भिंतीपासून अडीच फुटावर, चढ ४. हे सगळे आकडे मी रोज वापरतो पण एका ओळीत मांडलेले कधी बघितले नव्हते.

आता सरांनी कोपऱ्यातली लांब पट्टी घेतली अन् तिला शिडी धरून भिंतीला टेकवलं. वरचं टोक दहा फुटावर धरायचं अन् खालचं टोक भिंतीकडं सरकवत न्यायचं, असं समजा म्हणले. खालचं टोक एक फुटावर, चढ १०. एक इंचावर आणा, दहा फूट म्हणजे एकशेवीस इंच, चढ १२०. अर्ध्या इंचावर, २४०. एक सुतावर, ९६०. प्रत्येक वेळी लेकरंच आकडा सांगायलेत अन् सर फळ्यावर लिहायलेत. मग पट्टी पूर्ण भिंतीला चिकटवली. "आता आडवं अंतर किती?" शून्य. "चढ सांगा."

एक पोरगा म्हणला शून्य. सरांनी त्याला रागावलं नाही. खिशातून गोटी काढली, त्यांच्या खिशात गोटी का होती कुणास ठाऊक, अन् फरशीवर ठेवली, गोटी तिथंच थांबली. म्हणले, हा शून्य चढ. आडवं कितीही चाला, वर काही जात नाही. आता हीच गोटी ओळंब्याच्या दोरीवर ठेवून दाखव. पोरगा हसला अन् म्हणला, नाही सर, शून्य नाही.

मग माझी पोरगी म्हणली, अनंत. १०, १२०, २४०, ९६०, वाढतच चाललंय की, शेवटी अनंत. मला वाटलं आता झालं, उत्तर आलं. सर म्हणले थांब बाळा, पट्टी दुसऱ्या बाजूनं आण. भिंतीच्या पलीकडून. आता पट्टी उलट बाजूला कललेली, उजवीकडं जाताना खाली उतरायलीय, म्हणजे चढ वजा. एक फुटावर वजा १०, एक इंचावर वजा १२०, एक सुतावर वजा ९६०. दोन्ही बाजूंनी पट्टी त्याच एका भिंतीला येऊन चिकटते, पण एका बाजूनं आकडे वर आभाळाकडं जायलेत अन् दुसऱ्या बाजूनं खाली पाताळात. "आता सांग, मधल्या उभ्या रेषेला कुठला आकडा द्यायचा, वरचा का खालचा?" पोरगी गप्प झाली. पण ते गप्प बसणं वेगळं होतं, मी बाप आहे मला कळतं, ती विचार करायली होती.

सरांकडं जुनं सायंटिफिक कॅल्क्युलेटर आहे, ते लेकरांच्या हातात दिलं. चढ म्हणजे रेषेनं आडव्याशी केलेल्या कोनाचा टॅन, उभं भागिले आडवं, हे पुस्तकातही आहे. टॅन ८९ काढा, ५७.२९. टॅन ८९.९ काढा, ५७२.९६. टॅन ८९.९९, ५७२९.५८. टॅन ९१, वजा ५७.२९. अन् टॅन ९० दाबलं की मॅथ एरर. कॅल्क्युलेटर हातोहात सगळ्या अठरा लेकरांनी दाबून बघितलं, अन् एरर आला की प्रत्येकजण शेजारच्याला दाखवायचा. सर म्हणले, मशीन बिघडलं नाही, ते खरं सांगायलंय, या ठिकाणी द्यायला आकडाच नाही.

मग भागाकार. हे मला सगळ्यात जास्त पटलं कारण ते पैशाचं होतं. सर म्हणले, एक लाखाचं कर्ज आहे, महिन्याला दहा हजार फेडले तर किती महिने? दहा. हजार फेडले तर? शंभर. एक रुपया फेडला तर? लाख महिने, पण कधीतरी फिटंल. अन् महिन्याला शून्य रुपये फेडले तर किती महिन्यांत फिटंल? एक पोरगी पटकन म्हणली, सर कधीच नाही. सर म्हणले, बरोबर, "कधीच नाही" हा आकडा आहे का? नाही. शून्यानं भागल्यावर उत्तर मोठं येतं असं नाही, उत्तर म्हणून लिहायला संख्याच उरत नाही. अन् उलटं पण तपासा, ५ भागिले शून्य म्हणजे अशी संख्या जिला शून्यानं गुणल्यावर ५ यावेत. शून्यानं कशालाही गुणलं तरी शून्यच, ५ कुठून येतील? अन् कुणी हट्टानं अनंत ही एक संख्या धरून १ भागिले शून्य पण तीच, २ भागिले शून्य पण तीच असं म्हणून नेहमीसारखं गणित करायला गेला तर १ अन् २ सारखेच होऊन बसतात. मग बाजारात कुणी कुणाला हिशोब द्यायचा?

इथं एका पोरानं विचारलं की वर पण शून्य अन् खाली पण शून्य आलं तर? सर लई खूश झाले. म्हणले ते वेगळंच प्रकरण आहे, दोन बिंदू घ्यायच्या ऐवजी तू एकच बिंदू दोनदा घेतलास. एका बिंदूतून किती रेषा जातात? कितीही. मग चढ कुठल्या रेषेचा सांगू? शून्याला शून्यानं भागलं तर कुठलाही आकडा चालतो, म्हणून तिथंही ठरवता येत नाही. पाचाला शून्यानं भागलं तर एकही चालत नाही, शून्याला शून्यानं भागलं तर सगळेच चालतात, दोन्हीकडं "ठरवता येत नाही", पण कारण उलटं. हे वाक्य मी मोबाईलमधी लिहून घेतलं दारात उभ्या उभ्या.

आता पुढचं माझं स्वतःचं आहे, अन् यासाठीच मी एवढा लांब रिव्ह्यू लिहायलोय. सगळं ऐकताना माझ्या डोक्यात एक गोष्ट फिरत होती, मग मी बोललोच. म्हणलं, सर, आमच्यात भिंतीचा ढाळ कुणी विचारतच नाही. फरशीला फुटाला किती सूत ते विचारतात. भिंतीला विचारतात की ओळंब्यात आहे का. अन् भिंत बाहेर गेली असली तर आम्ही म्हणतो दहा फुटात अर्धा इंच गेली. म्हणजे *उभं* दहा फूट, त्यात *आडवं* किती सरकली. उलटं माप घेतो आम्ही.

सर माझ्याकडं बघतच राहिले. मग लेकरांना म्हणले, लिहून घ्या, मिस्त्रींनी काय सांगितलं ते. फरशीसाठी आडवं खाली अन् उभं वर लिहितात, भिंतीसाठी उभं खाली अन् आडवं वर लिहितात. या उलट्या मापात सरळ उभी भिंत म्हणजे काय? दहा फुटात शून्य. शून्य भागिले दहा, शून्य. एकदम स्वच्छ उत्तर. अन् या उलट्या मापात अडचण कुणाची होणार? आडव्या फरशीची! ती उभी काहीच जात नाही, तिथं छेदात शून्य येणार. म्हणजे खोट उभ्या रेषेत नाही. रेष चांगली आहे, सरळ आहे, तिचा कोन ९० आहे, तिचं समीकरण आहे, एक्स बरोबर तीन. फक्त "आडवं एक पाऊल टाकल्यावर किती वर" हा प्रश्न तिला लागू होत नाही कारण ती आडवं पाऊल टाकतच नाही. प्रश्न बदला, उत्तर मिळतं.

पोरगी वळून माझ्याकडं बघायली होती. तिनं विचारलेला प्रश्न अन् मी घरी न देऊ शकलेलं उत्तर, अन् ते उत्तर माझ्याच कामात एवढी वर्षं पडलेलं होतं. मी काही बोललो नाही, पण त्या क्षणासाठी मी त्या सरांना दहापैकी दहा देतो.

गुण्याचंही निघालं त्या दिवशी. काटकोन तपासायला आम्ही गुण्या लावतो, अन् दोन रेषा काटकोनात असल्या की चढांचा गुणाकार वजा एक येतो असा नियम आहे म्हणे, पुढच्या वर्गात येतो. सर म्हणले, फरशी अन् भिंत, यांच्यापेक्षा पक्का काटकोन कुठला? पण फरशीचा चढ शून्य अन् भिंतीचा ठरवता येत नाही, मग गुणाकार वजा एक कसा आणणार? म्हणून तो नियम लिहितानाच लिहायचं असतं की दोन्ही रेषांना चढ असला तरच. अशीच उभी रेष रेषेच्या त्या वाय बरोबर एम एक्स अधिक सी या समीकरणात पण बसत नाही, कारण तिथं एम म्हणजे चढ, अन् त्याच्या जागी टाकायला काही नाही. अकरावीला गेल्यावर आठवण ठेवा म्हणले. तेवढ्यात सोडलं, ताणलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या क्लासला मी नव्हतो, पण पोरीनं घरी येऊन जेवताना सांगितलं ते असं की शून्यानं भागायचा घोळ फक्त आपलाच नाही, मोठ्या मोठ्या गणित्यांचा झालाय. राष्ट्रकूट राजे स्वतःला लत्तलूरचे अधिपती म्हणवून घ्यायचे, अन् ते लत्तलूर म्हणजे आपलं लातूर असं मानतात. त्याच घराण्यातल्या अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांनी लिहिलंय की संख्येला शून्यानं भागलं तर ती बदलत नाही, आहे तशीच राहते. त्यांच्याही आधी ब्रह्मगुप्तानं ६२८ साली शून्याचे नियम मांडले, त्यात शून्याला शून्यानं भागलं की शून्य असं म्हणलंय. अन् मग भास्कराचार्य, जन्म १११४ चा. कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगावजवळ पाटण लागतं, तिथं त्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, त्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांनी छेदात शून्य असलेल्या राशीला खहर असं नाव दिलं. ती अनंत आहे, तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, फरक पडत नाही, जसं प्रलयात सगळे जीव विष्णूत विलीन झाले अन् सृष्टीच्या वेळी बाहेर आले तरी त्या अच्युतात काही कमी-जास्त होत नाही. पोरगी हे सांगताना भाकरी हातातच धरून बसली होती. तिची आई म्हणली, जेव आधी. सरांचं म्हणणं असं की भास्कराचार्यांनी पट्टीची एक बाजू बघितली होती, वाढत जाणारी, अन् ती बघणं हीच मोठी गोष्ट होती. दुसऱ्या बाजूनं आकडा वजाकडं पळतो, म्हणून आज आपण संख्या म्हणून तो लिहीत नाही.

माझं लेकरू गणितातून लातूरच्या इतिहासात अन् तिथून विष्णूपर्यंत जाऊन आलं, अन् परत एक मार्काच्या उत्तरावर आलं. अशी शिकवणी लातूरला, जिथं क्लासच्या बोर्डांनी रस्ते भरलेत, अजून चालू आहे हे लोकांना कळावं वाटतं.

दिवाळीत आम्ही वेरूळला गेलो होतो, जाताना दौलताबादचा किल्ला. खालून बघितलं की डोंगर वरती उताराचा आहे, पण मधी गोल फिरून कडा तासलेला, साधारण पन्नास मीटर सरळ उभा, खाली खंदक. शत्रूला चढता येऊ नये म्हणून तासलाय. पोरगी म्हणली, पप्पा बघा, वर चढ आहे अन् इथं चढच नाही. मी मनातल्या मनात ओळंबा सोडून बघितला, कडा थोडा आत-बाहेर आहे, पण ज्यांनी छिन्नीनं तो तासला त्या लोकांचा हात काय असंल!

आता रिव्ह्यूचं काम. चांगलं जे आहे ते वर सांगितलंच. कमी काय ते पण सांगतो, नाहीतर हे एकतर्फी होईल.

पोर्शन हळू चालतो. मोठ्या क्लासमधी दिवाळीच्या आधी पोर्शन संपवून रिव्हिजन सुरू होते, इथं दिवाळीला भूमितीचे दोन धडे बाकी होते. सर म्हणतात जानेवारीत संपवतो, अन् मागच्या बॅचच्या पालकांनी सांगितलं की संपवतात, पण तोपर्यंत पालकाच्या जिवाला घोर लागतो हे खरंय. ज्यांना दर रविवारी टेस्ट अन् व्हॉट्सअपवर मार्कांचा मेसेज पाहिजे त्यांना इथं करमायचं नाही. टेस्ट महिन्यातून एक, पेपर हातानं लिहिलेला, झेरॉक्स. छापील नोट्स मिळत नाहीत, लेकरांनी स्वतः लिहायचं. फक्त गणित, भाग एक अन् भाग दोन, विज्ञान नाही, म्हणजे विज्ञानासाठी दुसरीकडं पळापळ होते, त्यात संध्याकाळचे दोन क्लास एकमेकांवर येतात. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे पण फॅन एकच चालतो, उकाड्यात लेकरांना त्रास होतो. गाडी लावायला बोळात जागा नाही, चारचाकी मेन रोडलाच सोडावी लागते. अन् जिना अरुंद आहे, पायऱ्यांची उंची सारखी नाही, मी सरांना म्हणलंय की उन्हाळ्यात मोकळा असलो की नीट करून देतो.

फी महिन्याला नऊशे रुपये, महिना संपल्यावर द्यायची, आधी नाही. दोन महिने राहिली तरी लेकराला काही बोलत नाहीत, पालकालाच एकदा हळूच आठवण करतात. वेळ संध्याकाळी साडेपाच ते सात, रविवार सुट्टी. पण साडेसातच्या आत क्लास सुटत नाही, कारण कुणीतरी काहीतरी विचारलेलं असतं. पोरींचे पालक जरा उशीर धरूनच जा. वरच्या खोलीच्या दाराजवळ दोन खुर्च्या ठेवलेल्या असतात, बसता येतं, ऐकू पण येतं.

कुणी पाठवावं? ज्या लेकराला प्रश्न पडतात अन् कुणी ऐकून घेत नाही म्हणून जे गप्प झालंय, त्याला आधी पाठवा. ज्याचं बेसिक कच्चं आहे त्यालाही चालेल, सर अपूर्णांकापासून परत घेतात, रागावत नाहीत. ज्याला फक्त शंभरपैकी शंभर काढायचेत अन् पेपर सोडवायचा सराव पाहिजे त्यानं सोबत दुसरी टेस्ट सिरीज लावावी, असं मला प्रामाणिकपणानं वाटतं.

सहामाहीला भूमितीच्या पेपरात वाय अक्षाला समांतर रेषेच्या चढाचा प्रश्न आला होता, एकच मार्क. पोरीनं "ठरवता येत नाही" लिहिलं अन् खाली दोन ओळी कारण लिहिलं, आडवं अंतर शून्य आहे म्हणून एकक आडव्या अंतरामागं किती वर हे सांगताच येत नाही. मार्क एकच मिळाला, एकाच्या वर मिळणारच नव्हता. पेपर तिनं मला दाखवला तेव्हा त्या दोन ओळींवर बोट ठेवून दाखवला.

नवीन बॅच जूनमधी शाळा सुरू झाल्यावर आठ दिवसांनी सुरू होते. अठरा जागा लवकर भरतात, म्हणून मे मधीच जाऊन भेटा. पत्ता पाहिजे असंल तर मला मेसेज करा, मी सरांना विचारून देतो. अन् जाताना लेकराला सोबत न्या, सर पालकाशी दोन मिनिटं बोलतात अन् लेकराशी अर्धा तास. ओळंबा अजून फळ्याच्या खिळ्यालाच आहे, मी साइटसाठी दुसरा घेतलाय, त्या वडिलांच्या ओळंब्याला लेकरांनी हात लावून हलवू नये एवढं मात्र सांगा.